युवक-मार्गदर्शनाचे कार्यक्रम आणि संयोजकाचे प्रशिक्षण

तरुणांना आधार देणाऱ्या कार्यक्रमांचा विचार सुरू झाला म्हणजे चर्चा बहुधा स्वयंसेवकांपाशी येऊन थांबते. स्वयंसेवक किती मिळाले, ते कोणत्या क्षेत्रातील आहेत, त्यांना प्रमाणपत्र द्यावे की मानधन, हे प्रश्न अगत्याने चर्चिले जातात. परंतु हा सारा व्याप ज्याने सांभाळावयाचा, त्या संयोजकाचा प्रश्न सहसा निघत नाही. तो कोणी शिक्षक असतो, विस्तार अधिकारी असतो, नाहीतर एखाद्या संस्थेचा उत्साही कार्यकर्ता असतो. मूळचे काम सांभाळून हे जादा काम त्याच्याकडे सोपविलेले असते. या कामाचे काही शास्त्र आहे आणि ते शिकावे लागते, असे कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा संयोजकच होय.

इंग्रजीत ज्याला मेंटॉर म्हणतात त्याच्यासाठी येथे ‘ज्येष्ठ मित्र’ हा शब्द योजिला आहे. तो मुलाचा पालक नव्हे, शिक्षक नव्हे आणि अधिकारी तर नव्हेच. मुलापेक्षा वयाने व अनुभवाने मोठी, त्याला ठरल्या वेळी नियमितपणे भेटणारी व्यक्ती, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या समाजाला हे नाते अपरिचित नाही. तालमीतील वस्ताद, शेजारचा शिकलेला दादा, सुट्टीत घरी येणारा मामा यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. मात्र ही नाती आपोआप जुळत. कार्यक्रमात ती जुळवावी लागतात, आणि जुळविलेले नाते टिकविण्यासाठी तिसरे माणूस लागते. लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थाचे काम अक्षता पडल्या की संपते; संयोजकाचे तेथून सुरू होते.

अशा कार्यक्रमांचा सर्वांत दीर्घ अनुभव अमेरिकेत आहे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील अर्नेस्ट कूल्टर या कर्मचाऱ्याने, न्यायालयात येणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक भला माणूस उभा राहावा असे आवाहन केले. त्यातून ‘बिग ब्रदर्स’ ही चळवळ उभी राहिली. मुलींसाठी स्वतंत्रपणे काम करणारी ‘बिग सिस्टर्स’ ही संघटना १९७७ मध्ये तिच्यात विलीन झाली. आवाहन साधे होते आणि हेतू निर्मळ होता. परंतु हेतू निर्मळ असला म्हणजे परिणामही हितकारक होतो काय, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास बराच काळ जावा लागला.

ते उत्तर ज्या प्रयोगातून मिळाले त्याची हकीकत येथे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. बोस्टनजवळील केंब्रिज व सॉमरव्हिल या गावांत डॉ. रिचर्ड कॅबट या वैद्यकीय प्राध्यापकाच्या प्रेरणेने १९३९ साली मुलांना मार्गदर्शन करण्याचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. त्यासाठी ५०६ मुले निवडण्यात आली. वय, घरची स्थिती, स्वभाव पाहून त्यांच्या जोड्या लावण्यात आल्या आणि प्रत्येक जोडीतील कोणत्या मुलाला साहाय्य द्यावयाचे हे नाणे उडवून ठरविण्यात आले. अशा रीतीने २५३ मुलांना कार्यकर्त्यांची सोबत लाभली. उरलेल्या २५३ मुलांना काहीच देण्यात आले नाही. कार्यकर्ते सरासरीने महिन्यातून दोनदा मुलाला भेटत. अभ्यासात मदत, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे, घरच्या अडचणींत सल्ला असे साहाय्य सरासरी पाच वर्षे मिळत राहिले. दरम्यान महायुद्धामुळे कार्यकर्ते बदलत गेले, आणि १९४५ साली उपक्रम संपला.

तीस वर्षांनंतर जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने त्या मुलांचा, म्हणजे आता प्रौढ झालेल्या पुरुषांचा, शोध घेतला. १९७८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साहाय्य मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश पुरुषांनी उपक्रमाचा आपल्याला उपयोग झाला असे सांगितले. नोंदी मात्र निराळेच सांगत होत्या. एकाहून अधिक गुन्हे करणाऱ्यांचे प्रमाण साहाय्य मिळालेल्या गटात जास्त निघाले. मद्यासक्तीची लक्षणे, मानसिक आजार व अकाली मृत्यू या बाबतींतही तोच गट मागे होता. याची कारणे कोणती याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मुलांच्या मनात ज्या अपेक्षा जागविल्या गेल्या त्या पुढे कोणी पुऱ्या केल्या नाहीत, असे एक स्पष्टीकरण मॅककॉर्ड यांनी सुचविले. उन्हाळी शिबिरांत वारंवार एकत्र आलेल्या मुलांचे अधिक नुकसान झाले, असे पुढील विश्लेषणात आढळले.

हा वृत्तान्त ऐकून असे कार्यक्रम करूच नयेत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ संघटनेच्या कामाची आठ शहरांत झालेली पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. १० ते १६ वर्षे वयाची ९५९ मुले तिच्यात होती. ज्येष्ठ मित्र मिळालेल्या मुलांत मादक पदार्थांच्या सेवनास आरंभ करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होते. शाळा बुडविण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. या संघटनेत नुसता स्वयंसेवक नेमून थांबत नसत. त्याची आधी चौकशी होई आणि नेमल्यानंतर पगारी कार्यकर्ता त्याच्यावर व मुलावर लक्ष ठेवी. पुढे २००२ साली जीन ग्रॉसमन व जीन र्‍होड्स यांनी याच पाहणीतील मुलांविषयी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ज्यांची मैत्री वर्षभर वा अधिक टिकली, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. ज्यांची तीन महिन्यांच्या आत तुटली, त्यांचा आत्मसन्मान पूर्वीपेक्षाही खालावला.

ज्या मुलाला बाप सोडून गेला आहे किंवा ज्याची आई दिवसभर कामावर असते, त्याच्याकडे एक प्रतिष्ठित माणूस चार वेळा येतो आणि पाचव्या वेळी येत नाही. मुलगा त्याचा दोष त्या माणसाला देत नाही, स्वतःला देतो. म्हणून उद्‌घाटनाच्या दिवशी शंभर मुलांना शंभर ज्येष्ठ मित्र मिळाल्याची बातमी येते, तेव्हा जाणत्या माणसाने सहा महिन्यांनी त्यांतील किती भेटत आहेत हे विचारावे. ही संख्या संयोजकाच्या कुशलतेवर अवलंबून असते. ती कुशलता जन्मजात असावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मग या संयोजकाला शिकवावयाचे काय? अमेरिकेत या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९० साली तयार झाली आणि २०१५ साली त्यांची चौथी आवृत्ती निघाली. भरती, पारख, प्रशिक्षण, जोडी लावणे, देखरेख व साहाय्य आणि समारोप अशी सहा कामे तीत सांगितली आहेत. तेथील पोर्टलंड राज्य विद्यापीठात अशा कार्यक्रमांच्या चालकांसाठी उन्हाळी अभ्यासवर्ग भरू लागला. संशोधक व अनुभवी कार्यकर्ते तेथे एकत्र बसत. सहा कामांची यादी पाठ होण्यास मात्र एक तास पुरे. खरी तयारी त्यांतल्या अवघड जागांची करून घ्यावी लागते.

पहिली अवघड जागा नकार देण्याची. गावातील वजनदार गृहस्थ ज्येष्ठ मित्र होण्यास तयार होतात, परंतु त्यांना वेळ नसतो. किंवा त्यांच्याविषयी दबक्या आवाजात काही बोलले जात असते. संकोचापायी संयोजक होकार देतो. प्रशिक्षणात हा प्रसंग प्रत्यक्ष वठवून घेतला पाहिजे. चारित्र्याची पडताळणी व दोन ओळखीच्यांचे अभिप्राय प्रत्येकाकडून, अपवाद न करता घेतले जातात असा नियम लेखी असला म्हणजे नकार व्यक्तीचा राहत नाही, नियमाचा होतो. पुष्कळदा नियम ऐकूनच अशी माणसे मागे सरतात. समितीला नाव कमी पडले तरी चालेल.

दुसरी जागा कायद्याची. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ अन्वये, अशा अपराधाची माहिती किंवा तो घडण्याची शक्यता ज्याला कळेल त्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा स्वतंत्र अपराध आहे. म्हणून “तू सांगितलेले कोणालाही सांगणार नाही” असे वचन ज्येष्ठ मित्राने देता कामा नये. मुलाच्या जिवाला धोका असेल तेव्हा बोलावेच लागेल, हे पहिल्याच भेटीत त्याला सांगावयाचे असते. हे वाक्य न घाबरविता कसे उच्चारावे, ते संयोजकाने आधी स्वतः शिकले पाहिजे, कारण पुढे तेच त्याला शंभरांना शिकवावयाचे आहे. मुलीसाठी स्त्रीच नेमणे, भेटीची जागा ग्रामपंचायतीचे वाचनालय किंवा शाळेची ओसरी अशी उघडी ठेवणे, पालकांची लेखी संमती घेणे या गोष्टींत फारसा वाद संभवत नाही.

देखरेखीकडे मात्र सर्वांत अधिक वेळ दिला पाहिजे. वर उल्लेखिलेल्या तत्त्वांनुसार पहिल्या महिन्यात दोनदा व नंतर दरमहा एकदा संयोजकाने ज्येष्ठ मित्राशी व मुलाशी स्वतंत्रपणे बोलावयाचे असते. “सर्व ठीक आहे ना?” असे विचारले की “ठीक आहे” हेच उत्तर येते आणि नोंदवहीचा रकाना भरतो. त्याऐवजी गेल्या भेटीत दोघे कोठे बसले, काय बोलले, कोण अधिक बोलले, पुढची भेट कोणत्या वारी ठरली, असे विचारावे. वार ठरलेला नसेल तर ती मैत्री तुटण्याच्या बेतात आहे असे समजावे. ज्येष्ठ मित्र सांगतो, “मुलगा बोलतच नाही”, आणि मुलगा सांगतो, “ते सारखे अभ्यासाचे विचारतात.” ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचण्याची सवय हीच या व्यवसायाची मूळ विद्या. ती व्याख्यानाने येत नाही, सरावाने येते. डेव्हिड ड्युबॉईस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ५५ मूल्यमापनांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा अशा कार्यक्रमांचा सरासरी लाभ बेताचाच दिसला. नेमणुकीनंतरही चालू राहणारे प्रशिक्षण व अंमलबजावणीवरील लक्ष जेथे होते, तेथे तो अधिक होता.

परदेशी पुस्तिकांत सापडणार नाही अशी एक बाब महाराष्ट्रातील संयोजकाने स्वतः जमेस धरली पाहिजे. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांची मुले दसऱ्यानंतर आईबापांबरोबर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. जूनमध्ये लावलेली जोडी दिवाळीच्या सुमारास कोणाचाही दोष नसताना तुटते. अशा गावी कार्यक्रमाचे वर्ष शाळेच्या वर्षावरून न आखता हंगामावरून आखावे. मुलगा जाण्यापूर्वी ज्येष्ठ मित्राने त्याला परतीनंतरच्या भेटीची तारीख सांगावी, आणि मधल्या काळात दूरध्वनी वा पोस्टकार्ड हेच भेटीचे साधन मानावे. शिक्षकांच्या बदल्यांचेही तसेच. बदलीचा आदेश हाती पडला की कपाटाच्या किल्ल्या सोपविल्या जातात, मुले सोपविली जात नाहीत.

प्रशिक्षणाची यंत्रणा नव्याने उभारण्याचे कारण नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी उद्बोधन व उजळणी वर्गांची तरतूद करण्यात आली. म्हणजे तरुणांचे पथक चालविणाऱ्या शिक्षकालाही शिक्षण लागते हे तत्त्व येथे मान्य झालेले आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था समाजकार्याचे शिक्षण देत आल्या आहेत. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समितीची तरतूद आहे. हे धागे जिल्ह्याच्या पातळीवर एकत्र आणता येतील.

मात्र एका दिवसाचे शिबिर, भोजन आणि प्रमाणपत्र या पद्धतीने हे साधणार नाही. आरंभी तीन दिवसांचा वर्ग असावा. त्यानंतर सहा महिने संयोजकाने आपले काम करावे आणि नोंदवही घेऊन पुन्हा दोन दिवसांसाठी यावे. त्या दोन दिवसांत नवे व्याख्यान ठेवू नये. प्रत्येकाने नोंदवहीतून एक तुटलेली जोडी काढावी, शेवटची भेट कधी झाली आणि त्यानंतर संयोजकाने कोणत्या तारखेला कोणाशी संपर्क साधला, हे वाचून दाखवावे, आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. अशा वर्गात तीसहून अधिक संयोजक बसवू नयेत, म्हणजे प्रत्येकाची वही उघडण्यास वेळ मिळेल.