माहेरच्या साक्षीदार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला ‘प्रवासातील गमती’ ह्या विषयावर बोलावयास सांगितले आहे. काशी-रामेश्वर करून आलेल्या भगिनी समोर बसल्या असताना मी सातारा ते सांगली एवढ्या सव्वाशे किलोमीटरांच्या प्रवासावर बोलणार आहे. परंतु तो प्रवास आपल्याच मंडळातील पाच जणींनी पंधरा मिनिटांत ठरवून केला, एका लग्नासाठी केला, आणि त्यानंतर मंडळात एक गोष्ट बदलली. म्हणून तो आपणा सर्वांच्या कानांवर घालावासा वाटतो.

आपल्या शिवणवर्गाला एक मुलगी येत असे. तिचे नाव सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते मनात ठेवावे. लग्नानंतर सहा वर्षांत तिचे पती गेले. पदरी एक मुलगी. आपल्याच यंत्रांवर ती शिवण शिकली आणि पुढे सांगलीला नोकरीला लागली. तिथे एका सालस गृहस्थांशी ओळख झाली. त्यांची पत्नीही वारली होती. दोघांनी विचाराने लग्न ठरविले. मांडव नको, बँड नको, मानपान नको, म्हणून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोंदणी करावयाची असे ठरले.

ह्या कायद्याची रीत थोडक्यात सांगते, कारण पुष्कळजणींना ती माहीत नसते. वधूवरांनी आधी विवाह अधिकाऱ्यांकडे नोटीस द्यावयाची. तीस दिवस ती लावलेली असते. त्या मुदतीनंतर लग्न करता येते; मात्र नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत ते झाले नाही तर नोटीस रद्द होते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार हवेत.

तिची नोटीस नोव्हेंबर २०२२ मधली. तीन महिने १८ फेब्रुवारी २०२३ ला भरत होते. तो शनिवार, त्यातून महाशिवरात्र. म्हणजे कचेरीचा शेवटचा दिवस शुक्रवार. साक्षीला सख्खा भाऊ आणि चुलते येणार होते. गुरुवारी संध्याकाळी दोघांनीही अंग काढून घेतले. “आम्ही सही केली तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही,” एवढाच निरोप. वराच्या बाजूचे एक स्नेही होते. दोन साक्षीदार कमी पडले.

आम्ही भजनाला जमलो होतो तेव्हा तिचा फोन आला. ती म्हणाली, “काकू, सही काय, कचेरीबाहेरचा कोणीही करील. पण आईच्या बाजूने कोणीच आले नाही, हे माझ्या मुलीने बघू नये असं वाटतंय.”

टाळ खाली ठेवून आम्ही एकमेकींकडे पाहिले. आमच्यातल्या एकीने अलीकडेच गाडी चालवायला शिकून घेतले होते. घरची सात आसनांची गाडी दाराशी होती. ती म्हणाली, “सकाळी सहाला निघू.” सह्यांना दोघी पुरल्या असत्या, पण पाच जणी तयार झाल्या. सह्या दोघींच्या असल्या तरी माहेर काही दोघींचे नसते!

खरी पंचाईत पुढेच. साक्षीदाराला ओळखपत्र आणि फोटो लागतो. त्या रात्री पाचही घरांतली कपाटे उपसली, तेव्हा ध्यानात आले की आपल्या एकटीचा असा फोटो कोणाजवळच नाही! होते ते यजमानांच्या शेजारी उभे राहिलेले, नाहीतर नातवंडांच्या घोळक्यातले. अखेर दुकान बंद करीत असलेल्या फोटोवाल्याला विनवून आम्ही रात्री नऊला रांगेने फोटो काढून घेतले. घरी विचारले नाही, सांगितले. माझ्या सासूबाईंनी “उद्या स्वयंपाकाचं काय?” असे विचारले आणि मीच काही बोलण्याआधी “जा, मी बघते,” असेही म्हटले.

पहाटे धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. कंदी पेढ्यांचा पुडा घेतला. साताऱ्याहून लग्नाला रिकाम्या हाताने जावयाचे नसते! नागठाणे, अतीत, उंब्रज मागे टाकली, तासवड्याचा टोलनाका ओलांडला आणि कराड आले. कोयना इथे कृष्णेला मिळते आणि दोघी एक होऊन सांगलीकडे जातात. आम्हीही तिकडेच निघालो होतो.

कासेगावजवळ गाडी थांबवून धपाटे खाल्ले. हे इंदुताई पाटणकरांचे गाव. नाना पाटलांच्या प्रतिसरकारात ज्या स्त्रिया घराबाहेर पडल्या त्यांत त्या होत्या. सातारा आणि सांगली तेव्हा एकच जिल्हा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९४३ ते १९४६ ह्या काळात प्रतिसरकारने ह्याच गावांतून गांधी पद्धतीची लग्ने लावली. हुंडा नाही, वाजंत्री नाही, कर्ज नाही. गाव जमले, लग्न लागले. आमच्यातल्या सर्वांत वडील बाई म्हणाल्या, “मग आपण काही नवं करत नाही गं. जुनंच करतोय.” त्या स्वतः विधवा आहेत. चौथीपर्यंत शिकलेल्या.

गाडीत मुलीच्या भावाचा विषय निघाला. दुसरे लग्न केले की पहिल्या पतीच्या घरातला हिस्सा जाईल, असे भय त्याने तिला घातले होते. आमच्यातली एक तहसील कचेरीतून निवृत्त झालेली. ती म्हणाली, “१८५६ च्या कायद्यानं विधवेला लग्नाची मोकळीक दिली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याकडून आलेला हक्क काढून घेतला. तेच अजून लोकांच्या डोक्यात आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वारशानं आलेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा केलाय. लग्न केलं म्हणून तो जात नाही.” भगिनींनो, हे वाक्य घरी जाऊन शेजारणीलाही सांगा.

पेठ नाक्याला वळलो आणि उसाच्या ट्रॅक्टरांमागे सापडलो. गळिताचा हंगाम, एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, पुढचे काही दिसू नये. बाराची वेळ दिलेली. आष्टा येईपर्यंत कोणी बोलेना. आमची चालक मात्र शांत. दोन्ही हात चाकावर ठेवून संधी मिळेल तशी एकेक ट्रॉली मागे टाकीत होती. साडेअकराला १९२९ चा आयर्विन पूल दिसला तेव्हा आम्ही कृष्णामाईला गाडीतूनच हात जोडले.

सांगली हे नाटकाचे गाव. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. मला वाटले, पहिल्या स्वयंवराला सारा गाव टाळ्या वाजवतो. त्याच बाईने दुसऱ्यांदा स्वतःच्या मनाने निवड केली, तर सहीलासुद्धा माणूस मिळत नाही.

कचेरीच्या पायरीवर ती मुलीचा हात धरून उभी होती. आम्हांला पाहताच मुलगी ओरडली, “आई, आले बघ!” आत अधिकाऱ्यांनी विचारले, “आपण वधूच्या कोण?” वडील बाईंनी सांगितले, “माहेरच्या.” त्यांनी आणखी काही विचारले नाही. कायद्याने दोघांनी एकमेकांस पती आणि पत्नी म्हणून स्वीकारल्याचे मोठ्याने म्हणावयाचे असते. तिचा आवाज प्रथम घशातच राहिला. दुसऱ्या वेळी साऱ्या खोलीला ऐकू गेला. मग वडील बाईंनी जोडाक्षरे सांभाळीत आपले पूर्ण नाव लिहिले. त्यांची सही होईपर्यंत सगळे थांबले होते.

बाहेर आल्यावर ओटी भरावयाची ठरली. तांदूळ, नारळ, खण आम्ही नेले होते. हळद तिथलीच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे; पण त्याच गावात एका बाईच्या कपाळाला मात्र ती पाच वर्षे लागली नव्हती. ओटी भरावयास आम्ही चौघी पुढे झालो आणि वडील बाई सवयीने मागे सरकल्या. मुलगी म्हणाली, “काकू, पहिली ओटी तुम्ही भरा.” त्या म्हणाल्या, “अगं, मी कशी भरू?” ती म्हणाली, “तुम्ही नाही भरायची तर मला तरी का लावताय?”

ह्याला उत्तर नव्हते. त्यांनी ओटी भरली. हात थरथरत होते, तांदूळ थोडे सांडले, पण भरली. मग वधूने बोटावर हळदकुंकू घेऊन त्यांच्या कपाळाला लावले.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आपण ते वर्तमानपत्रात वाचले, “छान झाले” म्हटले आणि पुढल्या संक्रांतीला मागच्याच यादीने हळदीकुंकवाची बोलावणी केली. सांगलीहून परतताना भडंगाचा पुडा फिरत होता, पण बोलणे ह्याच यादीचे चालले होते. कराड यायच्या आत ठरले, आणि त्यापुढच्या संक्रांतीपासून आपल्या मंडळाचे हळदीकुंकू सर्व स्त्रियांचे झाले. ज्या त्या दिवशी प्रथमच आल्या, त्या आज ह्या सभागृहात बसल्या आहेत.

आता एक सूचना मांडते आणि बसते. ज्या भगिनींना गरजू मुलीच्या लग्नाला साक्षीदार म्हणून उभे राहावयाचे आहे, त्यांनी आपले नाव चिटणीसबाईंकडे द्यावे. ओळखपत्राची प्रत आणि स्वतःचा, एकटीचा, फोटो घरी तयार ठेवावा. वधूवर सज्ञान आहेत, राजीखुशीने लग्न करीत आहेत, एवढे नीट पाहून मगच सही करावी. खर्च फार नाही. गाडीचे तेल, चार धपाटी आणि एक दिवसाची रजा. पण एखादीला त्या दिवशी आपले कोणी आहे असे वाटेल, आणि तिची मुलगी ते पाहील.