घरातलं न बोललेलं दुखणं

(ताडकळस येथील कुटुंब मेळाव्यात एका समुपदेशक भगिनीने केलेले भाषण)



माझ्याकडे येणारा माणूस "मला नैराश्य आलंय" असं कधी म्हणत नाही. आपल्याकडे म्हणतात, "डोस्कं जड पडायलंय", "रातभर इचार यायलेत, झोपच लागंना." तोवर अंगदुखीच्या गोळ्या महिनोन्महिने खाऊन झालेल्या असतात. गंमत म्हणजे आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेतही शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. तिथल्या लोकांनी यावर काय केलं ते पुढे सांगते.

आधी एका जोडप्याविषयी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आंध समाजाचं कुटुंब, दोन एकर कोरडवाहू. सोयाबीन पाण्यात गेलं की मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ऊसतोडीला निघायचं, लेकरं आजीजवळ. तोडीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, हे तुम्हाला माहीत आहेच. हिशेबात दोघं एक. पण या घरात तीन महिने धड बोलणं नव्हतं. बायको सांगत होती, "ताट सरकवून उठतेत. काय झालं इचारलं की अंगावर येतेत." सासूचं म्हणणं, बाहेरचं काहीतरी लागलंय.

पहिल्या दोन भेटींत नवरा छताकडे पाहत बसला. तिसऱ्या भेटीत मी सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" तो म्हणाला, "येतं. पर असं कुणी इचारलंच नाही."

असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू, अशी भीती अनेकांना वाटते. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट माणसाला हायसं वाटतं, कारण तो एकट्याने वाहत असलेलं ओझं दुसऱ्या कोणीतरी पाहिलेलं असतं.

मग हळूहळू कळलं, की उचलीचा खरा आकडा त्याने बायकोपासून लपवला होता. तिला धसका बसेल म्हणून. माझ्यासमोर त्याने तो सांगितला. ती म्हणाली, "मला पयल्यापासून ठाऊक हाय. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले नाही." दोघंही एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्यातच घर मुकं झालं होतं. कर्ज त्या दिवशी एक रुपयाने कमी झालं नाही. पण त्या रात्री ते दोघं एकत्र जेवले, असं तिने नंतर सांगितलं.

आपण मंडळीतली माणसं दुःखी घरी आवर्जून जातो, ही आपली मोठी ताकद. पण बसल्या बसल्या सल्ला सुरू होतो : धीर धरा, विश्वास ठेवा, अमक्याचं तर याहून वाईट झालं. ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तेवढाच काळ त्यांचा उपयोग झाला. तोंड उघडलं आणि बिघडलं. प्रार्थना जरूर करा, पण त्याचं बोलणं पुरं झाल्यावर.

झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून २००६ मध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेमध्ये आज्यांना शिकवलं. दवाखान्याबाहेर लाकडी बाक, त्यावर आजी आणि समोर दुःखी माणूस. आजी ऐकते, अनेक अडचणींतली एक निवडायला लावते आणि तिच्यावर काय करता येईल ते त्यालाच शोधू देते. २०१६ मध्ये ५७३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी आज्यांकडे गेलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच कमी होती. आपल्या वस्त्यांवर आज्यांची काय कमतरता आहे?

आता थोडं रोखठोक. फवारणीचं औषध घरात उघड्यावर, खाटेखाली ठेवू नका. कुलुपात ठेवा, आणि घरात कोणी खचलेलं असेल तर काही दिवस शेजाऱ्याकडे द्या. मरणाची तीव्र ऊर्मी बहुतेकदा थोड्या वेळाची असते, तो वेळ टळला की माणूस वाचू शकतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या.

पोलीस केस होईल म्हणून घरचे प्रकार दडवतात, दवाखान्यात खोटं सांगतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायचे असतात. म्हणून लपवू नका, लगेच दवाखान्यात न्या.

फोनमध्ये १४४१६ हा क्रमांक आत्ताच टाकून घ्या. सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली. फोन फुकट, रात्री-अपरात्री कधीही, आणि मराठीत बोलता येतं. मात्र माणूस डोळ्यांसमोर धोक्यात असेल तर नुसता फोन लावून थांबू नका, त्याला एकटं सोडू नका.

त्या जोडप्याचं विचाराल, तर यंदा ते पुन्हा तोडीला गेलेत. कर्ज आहेच. औषधं चालू आहेत, आणि गोळी दिली की नाही याचा हिशेब आता सासू ठेवते.

मी दुपारी चारपर्यंत इथे आहे. कोणाला एकट्याने बोलायचं असेल तर मागच्या खोलीत या. जोडीने आलात तरी चालेल.