यादी बिघडली, पण सेव्ह करू नका



परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळीत, समजा, एखाद्या सेवा केंद्रात पीकविम्याची यादी मेलवर आली. एक्सेलमध्ये उघडली, तर नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, शेजारी चार पाय फुटलेलं वर्तुळ, मग आणखी काहीबाही, आणि हाच प्रकार पानभर. केंद्रावरचा मुलगा सांगतो, "काका, फाईल करप्ट झाली."

झालेली नसते. युनिकोडची यूटीएफ-८ ही पद्धत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवते. एक्सेल ते तीन बाइट म्हणजे तीन सुटी युरोपीय अक्षरं समजतं. नावं शाबूत आहेत, वाचणारा चुकतोय. म्हणून फाईलवर डबलक्लिक करू नका. कोरी शीट उघडा, 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाईलचं मूळ विचारलं की ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

खरा धोका पुढे आहे. मराठी नीट दिसायला लागली म्हणून साध्या सीएसव्हीत सेव्ह केलंत, तर अक्षरागणिक प्रश्नचिन्ह उमटतं. तिथे मात्र अक्षर खरोखरच गेलं. कुठलाही कन्व्हर्टर ते परत आणत नाही. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय घ्यायचा. चौकोन दिसले तर घाबरू नका, फक्त फॉन्ट नाही.

जुन्या डीटीपी फाईलींचं दुखणं निराळं. कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टातल्या फाईलमध्ये रोमन अक्षरांचेच आकडे असतात, फॉन्ट फक्त आकार मराठी काढतो. मंगल हा युनिकोड फॉन्ट निवडून तिथे काही साधत नाही, कन्व्हर्टरच लागतो. आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, तेव्हा मजकूर पाठवणाऱ्याकडून फॉन्टचं नाव मागून घ्या.

आता आपल्याकडच्या प्रत्येक यादीत येणारा शब्द घ्या: 'शेतकऱ्यांची'. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर फरक शून्य, पण एका तऱ्हेनं शोधलं तर दुसरी सापडेलच असं नाही. जोडचिन्ह वाटेत गळलं की 'शेतकर्यांची' होतं. काही जण तर सरळ मध्ये आडवी रेघ मारून 'शेतक-यांची' लिहितात. यादी जुळवण्याआधी 'शोधा आणि बदला' वापरून सगळीकडे नुक्त्याचा ऱ करून घ्यावा, असं माझं मत आहे.

राहिला ओळीच्या शेवटाचा घोळ. टेलिप्रिंटरला ओळ बदलायला दोन हुकूम लागत: गाडा डावीकडे आणा, कागद वर सरकवा. त्यांचे क्रमांक १३ आणि १०. विंडोजनं दोन्ही ठेवले, लिनक्सनं फक्त १०. त्यामुळे लिनक्सवरची यादी जुन्या नोटपॅडमध्ये एकाच लांबलचक ओळीत दिसायची. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते सुधारलं. उलट्या दिशेनं मात्र अजून फसगत होते. विंडोजवरची फाईल लिनक्सच्या सर्व्हरवर चढवली, की १३ क्रमांक शेवटच्या रकान्याला चिकटून राहू शकतो. तिथे बँकेचा आयएफएससी कोड असेल तर अकरा अक्षरांचा कोड बारा अक्षरांचा होतो आणि जुळत नाही. डोळ्यांना काहीच दिसत नाही. नोटपॅड प्लस प्लसच्या 'एडिट' यादीत 'ईओएल कन्व्हर्जन' आहे, तिथून हे बदलतं. विंडोजचं ठेवायचं की युनिक्सचं (लिनक्सचंही तेच), हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला यादी चढवण्याआधी फोन करून विचारा.