पंकज म्हणजे कोण?

श्रीनगरला पोस्टिंग होती तेव्हाची गोष्ट. माझ्या कंपनीत पंकज नावाचा एक जवान होता. पोरं त्याला 'चिखल्या' म्हणून चिडवायची. एकदा मीही हसलो. त्याचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

निवृत्तीनंतर व्याकरण वाचायला घेतलं. पंक म्हणजे चिखल, ज म्हणजे जन्मलेला. चिखलात बेडूक जन्मतात, किडेही जन्मतात. पण पंकज म्हणायचं ते कमळालाच. अशा शब्दाला योगरूढ म्हणतात. आणखी एक गंमत बघा. पाण्याच्या शब्दाला 'ज' जोडला की कमळ, 'द' जोडला की ढग, 'धी' जोडला की समुद्र. जलज, जलद, जलधी. अंबुज, अंबुद, अंबुधी.

परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. त्याच्या मागच्या बाजूला, हिंदी आणि इंग्रजी अक्षरांच्या मधे, दोन कमळं आहेत. पदक लावलं की ती दिसत नाहीत. ती छातीला टेकलेली असतात.

पंकज, हे कुठे ऐकत असशील तर त्या दिवशीच्या हसण्याबद्दल तुझ्या साहेबाला माफ कर. जय हिंद.