साखरेचा पत्ता



पत्रावर पत्ता नसेल, तर दापोलीचा पोस्टमन ते कुठे पोचवणार? प्रकाश देणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचेही तसेच आहे. त्यांना साखरेचे रेणू जोडले की तोच त्यांचा पत्ता. यकृताच्या पेशी, त्यांतल्या काही कर्करोगाच्याही, गॅलॅक्टोज जातीची साखर ओळखतात. कण आत घेतात व सूक्ष्मदर्शकाखाली उजळतात. २००९ साली हे दाखवणाऱ्यांपैकी डॉ. राघवेंद्र किक्केरी पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत आले.

हे अजून प्रयोगशाळेतले काम आहे, औषध नव्हे. म्हणून तोंडातली न भरणारी जखम, अंगावरची गाठ लपवू नका. वेळीच डॉक्टरांना दाखवा.

मुलामुलींनो, या कणांवरील कामासाठी २०२३ चे नोबेल मिळवणारे मौंगी बावेंडी कॉलेजात रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत नापास झाले होते. धीर सोडू नका.