तेराव्या क्रमांकाचा पत्ता

गेल्या वर्षी एका रात्री साडेअकराला मुलीचा पुण्याहून फोन आला. "अब्बा, टॅरोत मृत्यूचा पत्ता निघाला. परवाचं ऑपरेशन पुढे ढकलू का?" ऑपरेशन पित्ताशयातल्या खड्यांचं. आधीच दोनदा लांबलेलं, आणि दुखणं वाढत चाललेलं.

आमच्या घरात भविष्य पाहायला मनाई. लहानपणी आठवड्याच्या बाजारात मी पोपटवाल्याला चार आणे दिले, तेव्हा वालिदांनी कान पिळला होता. गैबचं ज्ञान फक्त अल्लाला, एवढंच ते म्हणाले. तेच मी तिला ऐकवू शकलो असतो. पण घाबरलेल्या माणसाला मनाई सांगून काय उपयोग? म्हटलं, "पत्त्यावर काय काय आहे ते सांग."

पांढरा घोडा, त्यावर काळ्या चिलखतातला सांगाडा, हातात पांढऱ्या गुलाबाचं निशाण. मागे दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य. "सूर्य आहे ना?" मी म्हटलं. तिथे आमचं बोलणं थांबलं.

नंतर मी वाचत बसलो. हे चित्र पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचं, १९०९ साली लंडनला निघालेल्या संचातलं. टॅरो मात्र पंधराव्या शतकातला, इटलीतला. ७८ पत्त्यांचा निव्वळ खेळ. भविष्य त्याला चिकटलं अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. त्याआधी तीनेकशे वर्षं मृत्यू हाती आला की खेळणारा खूशच होत असेल, कारण तो हुकमाचा पत्ता! त्यातले पेले, नाणी, तलवारी आणि काठ्या युरोपात गेल्या मामलुकांच्या इजिप्तमधून. मूळच्या काठ्या पोलोच्या. तो खेळ तिकडे कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून नुसत्या काठ्या उरल्या. तसा जुना मामलुक संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे.

लेनोर्मां नावाचे पत्ते ३६. घोडेस्वार, जहाज, घर, ढग, साप अशी घरगुती चित्रं. मृत्यू इथे घोड्यावरून येत नाही. आठव्या पत्त्यावर फक्त शवपेटी. नेपोलियनच्या काळातल्या पॅरिसच्या प्रसिद्ध भविष्यवेत्तीचं नाव या पत्त्यांना तिच्या पश्चात लागलं. चित्रं १७९९च्या सुमारास न्यूरेंबर्गला निघालेल्या फाशांच्या खेळातली. खेळाचं नाव 'आशेचा खेळ'. पस्तिसाव्या घरातल्या नांगरावर पोचला तो जिंकला. शवपेटीवर सोंगटी आली की अडकायची. दुसरा खेळाडू तिथे येईपर्यंत किंवा फाशांची जोडी पडेपर्यंत.

आमच्या पोपटवाल्याच्या पाकिटांत मी देव पाहिले, राजा-राणी पाहिली. मृत्यू कधी पाहिला नाही. त्याला पुढच्या बाजारी तिथेच बसायचं असे!

त्या रात्री यातलं काही मला माहीत नव्हतं. सकाळच्या पहिल्या एसटीने पुण्याला गेलो. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पत्ते तिने टाकून दिलेले नाहीत. मी गेलो की कपाटात ठेवते.