गॅस ‘संपतो’ कसा?



टॅक्सीचालकांच्या संघटनेत एक गाऱ्हाणे मी नेहमी ऐकतो. गाडी गार होईना, गॅरेजवाला म्हणाला ‘गॅस संपला’, आणि दोन दिवसांची कमाई गेली! पण हा गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत असतो. कमी झाला म्हणजे गळाला. गळती न शोधता भरला तर पुन्हा जाणारच.

तेव्हा आधी घरीच पाहावे. वाराच मंद येत असेल तर बहुधा आतली धूळगाळणी तुंबलेली असते. गाडी धावताना गारवा आणि सिग्नलला थांबताच उकाडा, असे होत असेल तर रेडिएटरपुढचा कंडेन्सर व त्याचा पंखा पाहा. मग एसी लावून बॉनेट उघडा, हात मात्र पट्ट्यापासून दूर ठेवा. पुष्कळ गाड्यांत कॉम्प्रेसरचा क्लच ‘खट्’ करून बसतो. तो बसत नसेल तर फ्यूज तपासा. नळ्यांच्या सांध्यावर तेलकट डाग दिसला तर गळती तेथेच असण्याचा संभव फार, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते.

सांधा स्वतः सोडू नका. उसळणाऱ्या गॅसने कातडी गोठते, डोळा जातो. शिवाय पुष्कळ गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस हवा तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जबर आहे. कारागिराला तो डाग दाखवा, आणि गळती बुजविल्यावरच गॅस भरून घ्या.